सव्वाशे मॅक्रोंपैकी इनलाइन किती करावेत?

प्रश्न मला नीट कळलाय ना, ते आधी बघतो. लिनक्सचा एक जुना ड्रायव्हर, म्हणजे हार्डवेअर चालवणारा कोड, तुमच्या वाट्याला आलाय. त्याच्या हेडरमध्ये (अनेक सी फाइलींत ओढल्या जाणाऱ्या सामाईक फाइलमध्ये) फंक्शनसारखे दिसणारे सव्वाशेएक मॅक्रो आहेत. टीम लीडचं म्हणणं, सगळे ‘स्टॅटिक इनलाइन’ फंक्शनं (कॉलच्या जागीच ज्यांचा कोड बसवला जातो अशी) करून टाका, कर्नलची (लिनक्सच्या गाभ्याची) कोडिंग स्टाइलही तेच सांगते. शेजारच्या सीनियरचं म्हणणं, चालत्या गाडीला खीळ घालू नका. ‘इनलाइन’ ही नुसती विनंती असते, कंपायलरने ती ऐकली नाही तर इंटरप्ट हँडलरचा (हार्डवेअरने हाक मारताच धावणाऱ्या कोडचा) वेग जाईल. तुम्हाला विचारायचंय की यातलं खरं काय, आणि स्क्रिप्ट लावून एका पॅचमध्ये (बदलांच्या एका गठ्ठ्यात) हे उरकता येईल का. नमुन्यादाखल तुम्ही एक मॅक्रोही दिलाय, रजिस्टरमधला (चिपच्या आतल्या छोट्या नोंदीतला) बिट सेट होईपर्यंत वाट बघणारा. त्याच्याकडे शेवटी येतो, कारण तो मोठा लबाड आहे.

स्क्रिप्टचं उत्तर सरळ ‘नाही’. बाकीचं मॅक्रो कोणता आहे त्यावर ठरतं. तुमचा ड्रायव्हर मुख्य कर्नलमध्ये आहे की कंपनीच्या स्वतःच्या झाडात (कोडच्या वेगळ्या प्रतीत), कंपायलर किती जुना आहे, कोणकोणत्या बोर्डांवर तो चालतो, हेही बघावं लागेल. पण बहुतेक ठिकाणी लागू पडेल अशी विचाराची पद्धत सांगता येते.

मुळात प्रश्न वेगाचा नाहीच. मॅक्रो म्हणजे मजकुराची नक्कल. तुम्ही कंसात जे लिहिलं ते जसंच्या तसं उचलून आतमध्ये जिथे जिथे नाव आलंय तिथे चिकटवलं जातं. फंक्शनला मजकूर मिळत नाही, किंमत मिळते: हिशोब बाहेर एकदाच होतो आणि उत्तर आत जातं. म्हणून मॅक्रोचं फंक्शन केलं की तीन गोष्टी बदलू शकतात. आर्ग्युमेंटची किंमत किती वेळा काढली जाते, तिचा टाइप काय ठरतो, आणि आतली नावं कोणाच्या घरातली असतात. या तिन्हींत फरक पडत नसेल तर डोळे मिटून बदला. फरक पडत असेल तर दोनच शक्यता: एकतर मॅक्रोत बग होता आणि तुमच्या बदलाने तो जाईल, नाहीतर मॅक्रो त्या फरकावरच उभा होता आणि तुमच्या बदलाने तो कोसळेल. यातलं कुठलं, ते स्क्रिप्टला कळत नाही.

पहिल्या जातीचा एक किस्सा सांगतो. मी गाड्यांसाठीच्या एका कॅन (गाडीतल्या भागांना जोडणारी बस) कंट्रोलरच्या ड्रायव्हरवर काम करत होतो. त्यातला स्टेटस रजिस्टर वाचला की आपोआप साफ होतो, अशी त्या चिपची रचना होती. हेडरमध्ये एक मॅक्रो होता, साधारण असा:

एरर_आहे(स) → (((स) & बस_ऑफ) || ((स) & एरर_वॉर्निंग))

बस-ऑफ म्हणजे चुका वाढून कंट्रोलर बसपासून तुटणं, एरर-वॉर्निंग म्हणजे त्याआधीचा इशारा. कंस जागच्या जागी, कोणी नावं ठेवावीत असं काही नाही. सगळ्या जुन्या जागी आधी रजिस्टर एका लोकल व्हेरिएबलमध्ये वाचून मग तो व्हेरिएबल मॅक्रोला दिला होता, त्यामुळे कित्येक वर्षं कोणाला काही जाणवलं नाही. मग एका नव्या मुलाने एक ओळ वाचवली आणि ‘रीडएल’चा (रजिस्टर वाचणाऱ्या फंक्शनचा) कॉल थेट मॅक्रोच्या कंसात लिहिला. झालं काय, तर पहिल्या वाचनात बस-ऑफ नसेल तर ‘किंवा’च्या उजवीकडे रजिस्टर पुन्हा वाचला जायचा, आणि तोवर तो साफ झालेला असायचा. बस-ऑफ अगदी बरोबर सापडायचं. एरर-वॉर्निंग मात्र हरवायची. दोन वाचनांच्या मधल्या इवल्याशा फटीत नवी वॉर्निंग आली तरच दिसायची. टेस्टमध्ये वायर उपटून बस-ऑफ तपासलं होतं, ते पास. तीन दिवस आम्ही हार्डवेअरवाल्यांशी भांडलो. तपासायला म्हणून मी मध्ये एक प्रिंट टाकला, त्यातही तोच रजिस्टर वाचला, आणि बस-ऑफही दिसेनासं झालं.

तो मॅक्रो आम्ही ३२ बिटांचा अनसाइन्ड आकडा घेणाऱ्या दोन ओळींच्या इनलाइन फंक्शनमध्ये बदलला. कॉल करणाऱ्या एकाही ओळीला हात न लावता बग गेला. तुमच्या टीम लीडच्या मनात बहुधा असाच एखादा अनुभव असणार, आणि तेवढ्यापुरते ते बरोबर आहेत. कर्नलच्या चेकपॅच या पॅच तपासणाऱ्या स्क्रिप्टला ‘स्ट्रिक्ट’ पर्याय देऊन चालवलं तर एकच आर्ग्युमेंट दोनदा वापरणारे मॅक्रो ती दाखवून देते. सव्वाशेतून ते आधी वेगळे काढा.

आता याच्या अगदी उलट उदाहरण. अट खरी होईपर्यंत झोपवणाऱ्या ‘वेट_इव्हेंट’ या मॅक्रोला दोन गोष्टी देतात: एक वेट-क्यू (थांबलेल्यांची रांग) आणि एक अट. ती अट प्रत्येक वेळी जाग आल्यावर नव्याने तपासली जाते, म्हणजे मजकूर आत जाणं हाच तिचा जीव. याचं फंक्शन केलंत तर अटीची किंमत एकदा निघेल, ‘खोटं’ म्हणून आत जाईल, आणि तुमचा थ्रेड झोपला तो झोपलाच. कॅनच्या मॅक्रोत जे पाप होतं, तेच इथे पुण्य आहे. बाहेरून दोघांचा आकार सारखाच दिसतो.

वेगाचं उरकून घेऊ, कारण त्यात फार काही नाही. कर्नल ऑप्टिमायझेशन चालू ठेवूनच कंपाइल होतो, आणि एका-दोन ओळींच्या स्टॅटिक इनलाइन फंक्शनसाठी जीसीसी किंवा क्लँग हे कंपायलर मॅक्रोइतकाच कोड काढतात. माझ्यावर विश्वास ठेवायची गरज नाही. बदलाआधीची आणि नंतरची ऑब्जेक्ट फाइल ‘ऑब्जडंप’ने उलगडून ताडून बघा. पण सीनियरचं म्हणणं निराधार नाही. पूर्वी बहुतेक आर्किटेक्चरांवर कर्नल ‘इनलाइन’ या शब्दाचा अर्थ ‘काहीही झालं तरी इनलाइन’ असाच लावायचा. कर्नल ५.४ पासून सगळीकडे निर्णय कंपायलरवर सोपवलाय. तुम्हाला खरोखर सक्ती हवी असेल तर ‘ऑलवेज इनलाइन’ असं वेगळं लिहावं लागतं, आणि ते वेगासाठी कमी आणि अचूकतेसाठी जास्त लागतं. फंक्शनच्या आत इनलाइन असेम्ब्ली (सीमध्येच लिहिलेल्या थेट प्रोसेसरच्या सूचना) आहे आणि तिला एखादा आकडा कंपाइल होतानाच स्थिर म्हणून हवाय, तर फंक्शन इनलाइन न होता वेगळं पडल्याबरोबर कंपायलर अडून बसतो. ‘स्टॅटिक की’ (चालू कर्नलमध्येच कोडची एखादी वाट चालू-बंद करणारी सोय) ज्याच्यावर चालतात तो कोड याच कारणाने सक्तीने इनलाइन आहे. ड्रायव्हरमध्ये असा कोड सहसा नसतो. असला तर तेवढे दोन-तीन मॅक्रो बाजूला ठेवा.

दुसऱ्या टोकाला, इनलाइनचा सोसही नको. त्याच कोडिंग स्टाइलच्या दस्तऐवजात ‘इनलाइनचा रोग’ अशा नावाचं प्रकरण आहे आणि त्यात ढोबळ नियम दिलाय: तीन ओळींपेक्षा मोठ्या फंक्शनला इनलाइन लावू नका. चाळीस ओळींचा मॅक्रो असेल तर त्याचं इनलाइन फंक्शन करायचं नाही. हेडरमधून उचलायचा आणि सी फाइलमध्ये साधं फंक्शन म्हणून ठेवायचा. टीम लीड ‘सगळे इनलाइन’ म्हणतात तिथे हे त्यांना दाखवा.

मग सुरुवात कुठून? रिकाम्या स्टबांपासून. डीबगएफएसचा (डीबगिंगची माहिती दाखवणाऱ्या फाइलसिस्टिमचा) पर्याय बंद असेल तेव्हा काहीच न करणारे मॅक्रो तुमच्या हेडरमध्ये नक्की असतील, ‘डू... व्हाइल शून्य’ असे. हे मॅक्रो आर्ग्युमेंट गिळून टाकतात. पर्याय बंद असताना कॉलमध्ये तुम्ही भलताच पॉइंटर दिला, नाव चुकवलं, तरी बिल्ड खुशाल होतो. पर्याय चालू करणारा माणूस दुसऱ्या शहरात बसलेला असतो, आणि बिल्ड त्याच्याकडे मोडतो. शिवाय फक्त त्या कॉलसाठी ठेवलेला व्हेरिएबल ‘वापरलाच नाही’ अशी वॉर्निंग येते, मग लोक ती दाबायला ‘व्हॉइड’चा कास्ट (जबरदस्तीने टाइप बदलणं) घालतात. २०२४ मध्ये कोडिंग स्टाइलमध्ये हे स्पष्ट लिहिलं गेलं, की न वापरलेली आर्ग्युमेंटं असलेल्या अशा मॅक्रोंच्या जागी स्टॅटिक इनलाइन फंक्शन ठेवावं, आणि तो कास्टचा जुना उपायही बरा नाही. इथे जोखीम जवळजवळ शून्य. एकच खोच: आर्ग्युमेंटमध्ये स्ट्रक्चरचा असा एखादा मेंबर असेल जो पर्याय चालू असतानाच अस्तित्वात असतो, तर फंक्शन केल्यावर बिल्ड मोडेल. मोडला की लगेच कळतं, त्यामुळे ती भीती नाही.

टाइपच्या बाबतीत मात्र कळत नाही. माझा सगळ्यात लाजिरवाणा पॅच तिथलाच आहे.

व्हिडिओ कॅप्चरचा ड्रायव्हर होता, ३२ बिटांच्या एआरएम प्रोसेसरवर. वापरकर्त्याच्या बफरची पानं थेट डीएमएला (प्रोसेसरला न विचारता मेमरीत परस्पर लिहिणाऱ्या यंत्रणेला) द्यायचा. त्यात पत्ता ठरावीक सीमेपर्यंत खाली आणणारा एक मॅक्रो होता. मॅक्रोला टाइप नसतो. जो द्याल तो तो पत्करतो. मी त्याचं सुबक इनलाइन फंक्शन केलं आणि आर्ग्युमेंट लिहिलं ‘अनसाइन्ड लाँग’. पत्ता म्हणजे अनसाइन्ड लाँग, हाताला सवय झालेली. त्या चिपमध्ये एलपीएई (३२ बिटांच्या एआरएमला ४ जीबीपलीकडचे पत्ते देणारी सोय) चालू होतं, म्हणजे डीएमएचा पत्ता ६४ बिटांचा आणि अनसाइन्ड लाँग ३२ चा. वरचे बिट गुपचूप गळाले. कर्नलच्या नेहमीच्या बिल्डमध्ये अशा काटछाटीची वॉर्निंग चालू नसते. माझ्या टेबलावरच्या बोर्डात १ जीबी रॅम होती. त्या चिपवर रॅमचे पत्ते २ जीबीपासून सुरू होत, म्हणजे माझं सगळं २ ते ३ जीबीच्या आत, ३२ बिटांत मावणारं. ग्राहकाच्या बोर्डात ४ जीबी. त्याची अर्धी रॅम ४ जीबीच्या रेषेपलीकडे. तिथला पत्ता कापला की तो पहिल्या २ जीबीत जाऊन पडायचा, आणि तिथे रॅम नव्हतीच, पेरिफेरल होते. काही तास चित्र ठीक, मग अधूनमधून काळी फ्रेम, आणि कधीतरी बस एरर. जुना मॅक्रो, ज्याला मी रिव्ह्यूमध्ये ‘घाणेरडा’ म्हटलं होतं, तो निर्दोष होता.

तेव्हापासून माझा नियम: मॅक्रोला फंक्शन करण्याआधी त्याचे सगळे कॉल काढायचे आणि प्रत्येक ठिकाणी आर्ग्युमेंटचा टाइप कागदावर लिहायचा. एकच टाइप निघाला तर तोच लिहा. दोन निघाले आणि लहानमोठे असले तर थांबा. कर्नलमधल्या ‘अलाइन’ मॅक्रोत बघा, ‘टाइपऑफ’ वापरून दुसऱ्या आर्ग्युमेंटला पहिल्याच्या टाइपमध्ये आणलंय. ६४ बिटांच्या पत्त्याशी ३२ बिटांचा मास्क लावला तर वरचे बिट उडतील म्हणून. असा टाइप बघून वागणारा कोड सी भाषेत फंक्शनने लिहिता येत नाही.

याची सगळ्यात गमतीदार साक्ष म्हणजे ‘मिन’ आणि ‘मॅक्स’. दोन आकड्यांतला लहान काढणं, याहून सोपं काय असणार? २००१ मध्ये कर्नलच्या २.४.९ या आवृत्तीत लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांनी ‘मिन’ला तीन आर्ग्युमेंटं केली, पहिलं टाइपचं, साइन्ड आणि अनसाइन्ड (उणे आकडे घेणारे आणि न घेणारे) यांची तुलना करून होणाऱ्या चुका थांबवायला. त्यावर बरीच आरडाओरड झाली, आणि २.४.१० मध्ये दोन आर्ग्युमेंटांचा, टाइप जुळतो का ते तपासणारा ‘मिन’ परत आला. टाइप मुद्दाम सांगायचा असेल तर ‘मिन_टी’. पुढे या मॅक्रोंवर इतक्या तपासण्या चढल्या की २०२४ मध्ये कर्नल डेव्हलपर आर्न्ड बर्गमन यांनी झेनच्या (व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या हायपरवायझरच्या) सेटअप फाइलमधली एक ओळ दाखवली. एकात एक असे ‘मिन’ घातलेली ती एकच ओळ प्रीप्रोसेसरमधून (कंपाइलआधी मॅक्रो उलगडणाऱ्या टप्प्यातून) बाहेर पडताना सुमारे ४७ एमबी होत होती. प्रत्येक आर्ग्युमेंट आत अनेकदा येतं, त्यात आणखी एक ‘मिन’ असला की गुणाकार होत जातो. मग ते मॅक्रो हलके केले गेले. हे सगळं घडूनही कोणी त्याचं इनलाइन फंक्शन केलं नाही, कारण सगळ्या टाइपांना पुरणारं एक फंक्शन लिहिता येत नाही. तुमच्या हेडरमध्ये घरगुती ‘मिन’, ‘मॅक्स’ असतील (जुन्या ड्रायव्हरमध्ये असतातच) तर ते बदलत बसू नका, काढून टाका आणि कर्नलचे वापरा. टाइप न जुळल्याची तक्रार आली तर कास्ट मारून ती दाबू नका. ती तक्रार म्हणजेच कमाई.

‘कोणाच्या घरातली नावं’ या तिसऱ्या मुद्द्यावरही काही मॅक्रो अडतात. कॉल करणाऱ्याच्या ‘फ्लॅग्स’ व्हेरिएबलमध्ये लिहिणारं ‘स्पिन_लॉक_आयआरक्यूसेव्ह’ घ्या, किंवा यादीवर फिरणारं ‘लिस्ट_फॉर_ईच_एंट्री’, जे प्रत्यक्षात ‘फॉर’चं डोकं आहे. वॉर्निंग छापताना फाइलचं नाव आणि ओळीचा आकडा सांगणारे मॅक्रोही यातलेच. फंक्शन केलेत तर सगळ्या वॉर्निंगा हेडरमधल्या एकाच ओळीकडे बोट दाखवतील. ॲरेचा आकार, ‘केस’चं लेबल, स्टॅटिक इनिशियलायझर इथे वापरलेले मॅक्रो तर फंक्शन केल्यावर कंपाइलच होत नाहीत. हे लवकर उमगतं, जास्त बोलत नाही.

एक प्रकार मात्र उमगत नाही, तो लॉकचा, म्हणजे एका वेळी एकालाच डेटापर्यंत सोडणाऱ्या कुलपाचा. समजा हेडरमध्ये चॅनलचं, कंट्रोलरचं अशी तुमची सगळी लॉकं तयार करणारा मॅक्रो आहे आणि आत तो ‘स्पिन_लॉक_इनिट’ला बोलावतो. दिसायला निरागस, फंक्शन करायला अगदी योग्य. पण लॉकडेप, म्हणजे लॉकच्या क्रमावर नजर ठेवणारी कर्नलची यंत्रणा, प्रत्येक लॉक वेगळं मोजत नाही; ती लॉकांचे वर्ग करते. वर्ग ओळखायला तिला एक स्टॅटिक ‘की’ लागते (मघाचीपेक्षा वेगळी; ही नुसती ओळखखूण), आणि ती की ‘स्पिन_लॉक_इनिट’ हा मॅक्रो जिथे उलगडतो तिथे जन्माला येते. तुमचा बाहेरचा मॅक्रो दहा ठिकाणी उलगडत होता, तेव्हा दहा कीज, दहा वर्ग होते. त्याचं इनलाइन फंक्शन केलंत की एका सी फाइलमध्ये की एकच उरते, ते फंक्शन कितीदा इनलाइन झालं तरी. आता चॅनलचं लॉक धरून कंट्रोलरचं लॉक घेतलं की लॉकडेप ओरडतो: तेच लॉक पुन्हा घेताय! कोड बरोबर, ओरड खोटी, आणि ‘लॉकडेपला काही कळत नाही’ म्हणून टीममधलं कोणीतरी तो बंद करतं. त्यानंतर खरी चूक झाली तरी सांगणारं कोणी नसतं. वर्कक्यूच्या (नंतर करायच्या कामांच्या रांगेच्या) ‘इनिट_वर्क’लाही हेच लागू. अशा मॅक्रोला हात लावायचाच असेल तर की बाहेरून आर्ग्युमेंट म्हणून घेणारं फंक्शन आणि त्यावर पातळसा मॅक्रो, असे दोन थर करा.

हे दोन थर कर्नलमध्ये जागोजागी सापडतील. ‘करंट’ घ्या: चालू टास्क देणारा हा शब्द एक्स८६ वर मॅक्रो आहे, पण तो नुसता ‘गेट_करंट’ या इनलाइन फंक्शनला बोलावतो. काम आत, टाइपची शिस्त आत, बाहेर नावापुरता मॅक्रो. सव्वाशेतल्या अडचणीच्या मॅक्रोंपैकी बऱ्याच जणांचा निकाल असाच लागेल.

आणि प्रवाह एकाच दिशेने वाहतो असंही समजू नका. मेमरी मागून घेणारं ‘केमॅलॉक’ कित्येक वर्षं इनलाइन फंक्शन होतं. कर्नल ६.१० मध्ये मेमरी कोण घेतं याचा हिशोब ठेवणारी सोय आली, आणि कॉल कुठून झाला ते टिपायला ‘केमॅलॉक’चाच मॅक्रो झाला; मूळ फंक्शन आत ढकललं गेलं. तसंच ‘कंटेनर_ऑफ’चं. आतल्या मेंबरवरून बाहेरच्या स्ट्रक्चरकडे जाणारी छोटी इनलाइन फंक्शनं लोकांनी हौसेने केली, पण फंक्शनला ‘कॉन्स्ट’ (ज्यातून लिहिता येत नाही असा) पॉइंटर दिला तर ‘कॉन्स्ट’ परत मिळत नाही. ‘कंटेनर_ऑफ_कॉन्स्ट’ आल्यावर त्यातली काही परत मॅक्रो झाली. तेव्हा तुमच्या हेडरमधले ‘टू_अमुक’ मॅक्रो घाईने फंक्शन करू नका.

हेडरचा त्रास होईल, तोही सांगून ठेवतो. मॅक्रोच्या आत स्ट्रक्चरचा मेंबर वापरला तर त्या स्ट्रक्चरची व्याख्या मॅक्रो वापरताना लागते. इनलाइन फंक्शनला ती लिहितानाच लागते. म्हणजे काल नुसत्या पुढच्या घोषणेवर भागत होतं, आज अख्खं हेडर ओढावं लागतं, आणि ते हेडर तुमचंच हेडर ओढत असेल तर वर्तुळ पूर्ण. पुष्कळ जुने मॅक्रो आळसामुळे नव्हे, तर या वर्तुळामुळे मॅक्रो राहिलेत. अशा वेळी फंक्शन सी फाइलमध्ये हलवा, नाहीतर मॅक्रो राहू द्या. त्यासाठी हेडर फोडायला बसलात तर महिना जातो. कर्नल डेव्हलपर इंगो मोलनार यांनी कर्नलची हेडरं सोडवून २०२२ मध्ये ते काम मांडलं तेव्हा पॅचमाला २,२०० च्या वर गेली होती.

प्रत्यक्ष करताना मी एका वेळी एकच मॅक्रो घेतो, एक पॅच. आधी ती सी फाइल नुसती प्रीप्रोसेस करून बघतो. मेकला (बिल्ड चालवणाऱ्या प्रोग्रामला) फाइलच्या नावात ‘डॉट सी’ऐवजी ‘डॉट आय’ देऊन सांगितलं की उलगडलेला मजकूर मिळतो, आणि लपलेल्या गोष्टी तिथे उघड्या पडतात. बदल करतो, मग ऑब्जेक्ट फाइल ताडतो. कर्नलच्या स्क्रिप्ट्समध्ये ‘ऑब्जडिफ’ याचसाठी आहे. काहीच फरक नसेल तर पॅचच्या वर्णनात तसं लिहितो, रिव्ह्यू करणाऱ्याचा निम्मा ताण जातो. फरक असेल तर तो का, हे मला एका वाक्यात सांगता आलंच पाहिजे; नाही सांगता आलं तर पॅच जात नाही. बिल्ड ३२ आणि ६४ बिट दोन्हींवर, सगळे पर्याय चालू आणि सगळे बंद, आणि सोबत स्पार्स, हे कर्नलचा कोड तपासणारं साधन. माझा डीएमएचा घोळ ३२ बिटांच्या ऑब्जेक्टच्या फरकात स्पष्ट दिसला असता. मी तेव्हा ताडून बघितलंच नव्हतं.

ज्या मॅक्रोच्या पोटात ‘रिटर्न’ किंवा ‘गोटू’ आहे तो फंक्शन होऊच शकत नाही. तो उलगडून प्रत्येक जागी साध्या ‘इफ’मध्ये लिहा. ओळी वाढतील, वाढू द्या.

ड्रायव्हर मुख्य कर्नलमध्ये असेल तर आधी मेंटेनरला (त्या कोडची जबाबदारी असलेल्या माणसाला) विचारा. निव्वळ साफसफाईचे पॅच जुन्या, स्थिर ड्रायव्हरवर बऱ्याच जणांना नको असतात, आणि त्यांचं चुकत नाही. स्टेजिंगच्या (अजून कच्च्या ड्रायव्हरांच्या) डिरेक्टरीत मात्र त्यांचं स्वागत असतं. ड्रायव्हर कंपनीच्या झाडात असेल तर मी दोनदा वापरलेली आर्ग्युमेंटं आणि रिकामे स्टब एवढंच आत्ता करीन. बाकीचे त्या त्या फाइलमध्ये दुसरं काम निघेल तेव्हा.

आता तुमचा नमुन्याचा मॅक्रो. बिट सेट होईपर्यंत दहा हजार फेऱ्या मारतो, कॉल करणाऱ्याकडे ‘डेव्ह’ नावाचा व्हेरिएबल असेलच असं गृहीत धरतो, आणि नाही जमलं तर आतूनच टाइमआउटचा एरर रिटर्न करून बाहेर पडतो. अट दर फेरीला नव्याने तपासायची असल्याने याचं सरळ इनलाइन फंक्शन होणार नाही. फंक्शन करण्याची गरजही नाही. कर्नलमध्ये ‘रीडएल_पोल_टाइमआउट’ आहे, तोही मॅक्रोच, तो वापरा आणि परत आलेली किंमत प्रत्येक कॉलच्या जागी तपासा. तो झोपू शकतो, म्हणून इंटरप्टमध्ये किंवा स्पिनलॉक धरलेला असताना त्याचा ‘ॲटॉमिक’ भाऊ घ्या. त्याआधी चिपची डेटाशीट काढून तो बिट सेट व्हायला किती मायक्रोसेकंद लागतात ते बघा, कारण नव्या मॅक्रोला वेळ द्यावी लागते, आणि जुन्यातले दहा हजार हा नुसता फेऱ्यांचा आकडा आहे. तो ज्या प्रोसेसरवर ठरवला गेला त्यापेक्षा तुमचा आजचा प्रोसेसर बराच वेगवान असणार.